राज्य कुणावर आलंय?

(कापणीच्या सणाला बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या एका ख्रिस्ती मंडळीत झालेलं व्याख्यान, वाचण्यासाठी थोडं आवरून घेतलेलं.)

प्रभूच्या नावात तुम्हां सर्वांना नमस्कार.

वेदीपुढे तुम्ही मांडलेलं बघत मी इतका वेळ बसलो होतो. भाताच्या पेंढ्या, नाचणी, परसातला भोपळा, पाय बांधलेले दोन कोंबडे आणि ही रताळ्यांची रास. कुणी रताळी धुऊन आणलीत, कुणी तांबड्या मातीसकट. मला मातीसकटची जास्त आवडली. उपासना झाल्यावर लिलाव होईल, तेव्हा निम्मी बोली मराठीत लागेल आणि निम्मी कन्नडमध्ये, दरवर्षीसारखी.

आत येताना चिंचेखाली पोरं खेळत होती. एक पोरगी ओरडली, "राज्य कुणावर?" आज मला नेमकं देवाच्या राज्याबद्दल बोलायचं आहे. वहीतलं लिहून आणलेलं तिथंच मागे पडलं आणि तिचा प्रश्न घेऊन मी आत आलो.

राज्य हा शब्द आपल्या भागात सहज उच्चारता येत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. पुढे १९७३ मध्ये त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं. तेव्हापासून दर १ नोव्हेंबरला एका गल्लीत लाल-पिवळा झेंडा आणि दुसऱ्या गल्लीत दंडाला काळी फीत. २००४ पासून या सीमाभागाबद्दलचा महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आपल्यातल्या कितीतरी घरांनी यासाठी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिला. मी ते हलकं करून बोलणार नाही.

आणि अशा गावात दर रविवारी आपण उभे राहून म्हणतो, "तुझे राज्य येवो." कन्नड उपासनेला आलेले भाऊ म्हणतात, "निन्न राज्यवु बरलि." शब्द तोच. दोन्ही भाषांत राज्यच. ज्या एका शब्दावरून आपण सत्तर वर्षं एकमेकांकडे तिरकं बघत आलो, तोच शब्द दोन्ही बाजूंच्या ओठांवर देवापुढे येतो. ही गोष्ट मला वर्षानुवर्षं दिसलीच नव्हती. दिसली त्या रविवारी प्रार्थना पुरी करता आली नाही.

मग हे राज्य म्हणजे काय? नव्या करारातला ग्रीक शब्द आहे 'बसिलेया'. त्यात मुलखाच्या हद्दीपेक्षा राजेपण आधी येतं. कुणाचा शब्द चालतो, ते. आपल्या बोलीतही हा अर्थ आहेच. "आमच्या घरात आजीचं राज्य होतं" असं म्हटलं तर कुणी नकाशा मागत नाही. चूल कधी पेटायची, दारात आलेल्याला काय वाढायचं, हे आजीच्या शब्दावर चालायचं. येशू गालीलात आला आणि म्हणाला, "देवाचे राज्य जवळ आले आहे; पश्चात्ताप करा व सुवार्तेवर विश्वास ठेवा." म्हणजे देवाचा शब्द आता इथं, तुमच्या अंगणात चालायला लागतोय, तुम्ही वळा.

हे तो कुठं बोलला तेही बघा. मोठा हेरोद राजा ख्रिस्तपूर्व ४ मध्ये मेला आणि त्याचा मुलूख मुलांत वाटला गेला. गालील एकाकडे, यहूदिया दुसऱ्याकडे, सरोवरापलीकडचा भाग तिसऱ्याकडे. पुढे इसवी सन ६ मध्ये यहूदियावर थेट रोमी सुभेदार बसला. म्हणजे येशू वाढला तो असा तुकडे पडलेल्या मुलखात. कफर्णहूम हद्दीजवळचं गाव, म्हणून तिथं जकातीचा नाका, आणि त्या नाक्यावर लेवी बसलेला. गालीलाला तर 'परराष्ट्रीयांचा गालील' म्हणत. पेत्राला यरुशलेमेत लोकांनी कशावरून ओळखलं? बोलण्यावरून. आपली पोरं पुण्याला शिकायला गेली की तोंड उघडताच कुणीतरी विचारतं, "बेळगावकडचे का?" तसंच. सीमेवर वाढलेल्या माणसाचं दुखणं आपल्या प्रभूला कुणी समजावून सांगायला नको.

आणि त्याने शिष्य निवडले तेव्हा? बारा जणांत एक मत्तय, म्हणजे नाक्यावरचा तोच लेवी, रोमाच्या मांडलिकासाठी जकात गोळा करणारा. आणि एक शिमोन, ज्याला जिलोत म्हणत, म्हणजे आपल्या लोकांच्या स्वातंत्र्यासाठी पेटलेला. दोघं एका पंगतीत. पहिल्या रात्री ती पंगत कशी झाली असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो. येशूने त्यांच्यात तडजोड घडवली असं कुठं लिहिलेलं नाही. मत्तयाला त्याने एवढंच सांगितलं, माझ्यामागे ये, आणि शिमोनालाही त्याच पंगतीत घेतलं.

तरी त्यांच्या डोक्यातून नकाशा गेला नाही. पुनरुत्थानानंतरही ते विचारतात, प्रभूजी, आता तरी इस्राएलाचं राज्य परत देणार का? तो रागावत नाही. म्हणतो, काळवेळ जाणणं तुमच्याकडे नाही. तुम्ही माझे साक्षी व्हाल, यरुशलेमेत, यहूदियात आणि शोमरोनात. ज्या शोमरोनी लोकांच्या हातचं पाणी पिणंही त्यांना जड जायचं, त्यांचं नाव त्याने मुद्दाम घेतलं.

भाषा सोडा असं मी म्हणत नाही. याईराच्या मेलेल्या मुलीला उठवताना येशू तिच्या घरच्याच बोलीत बोलला, "तलीथा कूम", म्हणजे मुली, ऊठ, आणि मार्काने ते शब्द तसेच जपून ठेवले. माझ्या आईने मला मराठीतच प्रार्थना शिकवली, मी मरेन तीही मराठीतच करत. पण ती बोलताना मान कुणापुढे लवते, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

आता त्या पोरीकडे येतो. आपल्या खेळात राज्य ज्याच्यावर येतं तो काय करतो? तो सिंहासनावर बसत नाही. बाकीचे लपतात, तो झाडाला कपाळ टेकून डोळे मिटतो, आकडे मोजतो आणि मग एकटा सगळ्यांना शोधत उन्हात फिरतो. राज्य येणं म्हणजे राबणं, हे मराठी पोरांना न शिकवता ठाऊक आहे. याकोब आणि योहान हे विसरले. त्यांनी उजवी-डावीकडची जागा मागितली. तेव्हा येशू म्हणाला, तुमच्यात ज्याला मोठं व्हायचंय त्याने सेवक व्हावं. आणि शेवटच्या रात्री तोच कमरेला रुमाल बांधून त्यांच्या पायांशी बसला. त्या खोलीत राज्य कुणावर आलं होतं, ते दिसलंच सगळ्यांना.

आपल्या मराठी मंडळीत नारायण वामन टिळकांनी हे जगून पाहिलं. १८९५ ला बाप्तिस्मा, मग मिशनच्या कामात कितीतरी वर्षं, आणि १९१७ मध्ये ते बांधलेपण सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्ताच्या मागे चालणारे सगळे. दोन वर्षांत ते गेले. दरबार फार टिकला नाही म्हणून त्यांचं चुकलं, असं मला वाटत नाही.

आता माझं सांगतो. इथं उभं राहून दुसऱ्यांचंच सांगत राहिलो तर ते खोटं होईल.

माझ्या शेताला लागून एका अक्कांचं भाताचं शेत आहे. घरी कन्नड बोलतात, पोरं बाहेरगावी. मधला बांध आमच्या वडिलांच्या काळापासून आमच्या बाजूने कोरला जायचा. नांगरताना अर्धी वीत. कुणाला दिसत नाही, एका वर्षात तर नाहीच. पुढे नांगर माझ्या हाती आला आणि मीही तेच केलं. तेव्हा मी मंडळीच्या कमिटीवर होतो. नियमशास्त्रात शेजाऱ्याच्या शेताची मेर सारणाऱ्याला शाप सांगितलाय, तो अध्याय मीच एकदा उपासनेत वाचला होता. वाचून घरी गेलो, जेवलो. काही झालं नाही.

मग एका वर्षी जक्कयावर, त्या श्रीमंत जकातदारावर, बोलायची पाळी माझ्यावर आली. झाडावर चढलेला तो माणूस, आणि खाली थांबून त्याला नावाने हाक मारणारा येशू. "हरवलेले ते शोधण्यास व तारण्यास" आलेला. तयारी करताना लक्षात आलं की जक्कयाला कुणी पैशाबद्दल विचारलंच नव्हतं. येशू त्याच्या घरी आला एवढंच. आणि हा आपण होऊन उठला, म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना, फसवून घेतलं असेल ते चौपट परत. मी वही मिटली. बांध डोळ्यांपुढून हलेना.

चार दिवसांनी अक्कांच्या दारात गेलो. "बर्री, कूड्री," म्हणाल्या, म्हणजे या, बसा, आणि चहा ठेवला. मी सांगितलं. त्या चुलीकडे बघत राहिल्या. मग आपल्या मिसळीच्या मराठीत म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. गवताचा भारा घेऊन त्या बांधावरनं येते मी. आधी दोन पाय बसायचे, आता एक बसतो. पायाला कळतंय की." इतकी वर्षं त्यांच्या पायाला कळत होतं, आणि दर सणाला त्यांच्या घरनं आमच्याकडे होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या, येत होत्या.

हद्दीचा जुना दगड माती उकरून काढला, तिथपर्यंत बांध परत घातला. दीड गुंठा गेला. गेला म्हणणंही चूक, तो आमचा नव्हताच. जक्कयाने चौपट दिलं. मी चौपट दिलेलं नाही. ते माझ्याकडे अजून राहिलंय, आणि ते मी तुमच्यासमोर कबूल करतो.

शिष्य होणं मला तिथं कळलं, नांगराच्या फाळाशी. दररोज आपला वधस्तंभ उचलायचा म्हणजे काय, तर उद्या पुन्हा नांगर धरताना ती अर्धी वीत सोडायची. परवा पुन्हा. बघणारं कुणी नसतं. मार्काच्या चौथ्या अध्यायात येशू म्हणतो, माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि ते कसं वाढतं हे त्याला कळत नाही. तो कणसाबद्दल बोलला. रताळ्याचं तर त्याहून पुढचं. पाऊस पडला की आपण वेल लावतो, आणि काढणीपर्यंत वर नुसती पानंच. खाली काय धरलंय ते पाहायला उकरलं तर वेल दुखावतो. देवाचं राज्य आपल्या गावांत तसं वाढत असेल तर मला नवल वाटणार नाही.

अक्कांनी यंदा त्या बांधावर तूर लावली आहे. चांगली फुलली आहे. माझा भाऊ मात्र या सगळ्यावरून माझ्याशी बोलत नाही, शेताकडे जाताना तो बांध टाळून ओढ्याच्या बाजूने फेरा घालून जातो. त्याच्यासाठी प्रार्थना करा, आणि माझ्यासाठीही, कारण त्याच्या दारात मी अजून गेलेलो नाही.

आता उभे राहू या. प्रभूची प्रार्थना आज आधी कन्नडमध्ये म्हणू, मग मराठीत. ज्यांना कन्नड येत नाही त्यांनी शेजारच्याचं ऐकत ऐकत म्हणावं.