ताइको: वाजवणारे आणि घडवणारे

जपानच्या ताइको ढोलांचा हा नाद कानावर पडला की वाटतं, हजार वर्षं हे असंच चालत आलं असेल. पाय फाकवून उभे वादक, कपाळाला पट्टी, मधूनच उठणारी आरोळी. ताइको ढोल जुनाच आहे. पण लहानमोठे ढोल मांडून ताफ्याने मंचावर वाजवण्याची ही रीत १९५१ सालची, आणि ती रुजवली एका जॅझ ड्रमरने.

दाइहाची ओगुची. नागानो प्रांतातल्या ओकायाचे. सुवा देवस्थानाच्या जुन्या तालाचा कागद त्यांच्या हाती आला. ड्रमसेटवर एकटा माणूस जे करतो, ते त्यांनी माणसामाणसांत वाटून दिलं. छोट्या शिमे-दाइकोने टणटणीत लय धरायची, पिंपासारख्या नागादोने ताल खेळवायचा, भल्यामोठ्या ओ-दाइकोने खालून घुमायचं. शिकवणं तोंडी, बोलांवर: डोन, डोको, त्सु, का. यातला ‘का’ काठीने ढोलाच्या कडेवर वाजतो. तबला शिकलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

१९६४च्या टोकियो ऑलिंपिकनिमित्त ही कला जगासमोर आली. पुढे सादो बेटावरच्या ‘ओन्देकोझा’ या ताइको गटाचे वादक १९७५ साली बोस्टन मॅरेथॉन धावले आणि धाव संपताच ढोल वाजवायला उभे राहिले. थोडं अतीच, पण गाजलं. त्याच बेटावरचा ‘कोदो’ गट १९८१पासून जगभर फिरतोय.

आता हा नागादो जवळून पाहा. कुठे सांधा नाही. केयाकी झाडाचा अख्खा ओंडका आतून पोखरलाय. गाईचं ओलं कातडं दोरांनी ताणतात, मग कारागीर चक्क त्यावर चढून पायांनी तुडवतात, पुन्हा ताणतात. मनासारखा आवाज आला की कडेने मोठ्या डोक्याचे खिळे. एकदा ठोकले की सूर बदलायची सोय नाही.

कातड्याचं हे काम जपानमध्ये शतकानुशतकं अस्पृश्य मानलेल्या बुराकू समाजाकडे होतं. ढोल देवळात, घडवणारा वेशीबाहेर. हे आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. १८७१मध्ये कायद्याने भेद संपवला; लग्न जुळवताना, नोकरी देताना तो उरलाच.

ओसाकातली नानिवा ही ढोल बनवणाऱ्यांची जुनी वस्ती. ढोल इथे बनायचे, वाजवायचे दुसरेच. १९८७ साली वस्तीतल्या तरुणांनी स्वतःचा गट काढला. नाव ठेवलं ‘इकारी’, म्हणजे संताप. मानवी हक्कांच्या सभांमध्ये ते वाजवतात, आपल्याच वस्तीचं नाव सांगून.