लिंक लागली का?

नमस्कार, श्रोतेहो.

मागच्या महिन्यात साताऱ्याहून माझे मामा आले. फोनवर त्यांना सांगितलं होतं, ‘बांद्र्याला रिक्षा करा, अंधेरीला लिंक रोडला या.’ तासाभरानं त्यांचा फोन. ‘अरे, इथं नुसत्या चपलाच चपला टांगल्यात. तुझी सोसायटी कुठाय?’ म्हटलं, ‘मामा, तो लिंकिंग रोड! मी लिंक रोडला राहतो.’ पलीकडे क्षणभर शांतता. मग, ‘तुमच्या मुंबईत नावं संपली का रे?’

त्यांचं काही चुकलं नाही. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड... आणि 2009 साली वाहतुकीला खुला झालेला वांद्रे-वरळी पूल. पाटीवर तो ‘राजीव गांधी सागरी सेतू’. पण टॅक्सीवाल्याला ‘सागरी सेतूवरून घ्या’ म्हणणारा मुंबईकर मला अजून भेटायचाय. सगळ्यांचा तो सी लिंकच.

हा ‘लिंक’ शब्द इंग्रजीत आला तो उत्तरेकडून, नॉर्स म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या लोकांच्या भाषेतून. अर्थ साखळीची कडी. त्याच्या मुळाशी मात्र जोडणं नाही, वाकणं आहे. साहजिकच आहे म्हणा. लोखंडाची सरळ कांब कशात अडकणार? ती वाकवून टोकं मिळवली की कडी होते. जर्मन भाषेतला याचा नातेवाईक आहे ‘गेलेंक’, म्हणजे शरीराचा सांधा. मनगटाला जर्मन माणूस ‘हांटगेलेंक’ म्हणतो, हाताचा सांधा. आणि साहेब त्याच मनगटावर कफलिंक लावतो! गोल्फच्या मैदानाला ‘लिंक्स’ म्हणतात, तो शब्द मात्र वेगळा. तो आलाय जुन्या इंग्रजीतल्या उंचवट्याच्या नावावरून.

लिंक हे एक मापही होतं. सतराव्या शतकात एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञानं जमीन मोजायला साखळी काढली. लांबी 66 फूट, कड्या 100. एक कडी, म्हणजे एक लिंक, 7.92 इंचांची. आता 66 फूट म्हणजे किती यार्ड? 22! शिवाजी पार्कवर रोज सकाळी पोरं ज्या खेळपट्टीवर धावतात, ती दोन्ही स्टंपांमधली खेळपट्टी बरोबर शंभर लिंक लांब असते. कोचला विचारून बघा, तो तुमच्याकडे विचित्र नजरेनं बघेल.

रेल्वेत मोटरमनच्या ड्यूट्या कशा लागतात, कुठली गाडी आणून कुठली न्यायची, त्या आखणीलाही लिंकच म्हणतात. एक गाडी रखडली की पुढच्या कड्या ओढल्या जातात. फलाटावरच्या आपल्याला फक्त ‘दिलगीर आहोत’ ऐकू येतं.

मला खरी गंमत वाटते ती मराठीची. हा शब्द आपण घेतला आणि त्याला स्त्रीलिंगी केलं. ‘ती लिंक पाठव ना.’ तो लिंक नाही, ते लिंक नाही, ती लिंक. कडी आणि साखळी आपल्याकडे बायकाच, त्यांच्यात ही जाऊन बसली असावी, असा माझा तर्क. याला आपल्याकडे ‘दुवा’ हा छान शब्द आहे. पण दुवा म्हणजे आशीर्वादही. ‘दुवा पाठव’ म्हटलं तर आजी काय पाठवेल सांगता येत नाही.

शिवाय आपण तिच्यावर क्रियापदं चढवली, ती अगदी आपली. गोष्ट सांगताना मध्येच कुकरची शिट्टी झाली की ‘माझी लिंक तुटली.’ मालिकेचे चार भाग चुकले की ‘लिंकच लागत नाही.’ समाधी लागते, झोप लागते, तशी आपल्याला लिंक लागते. हे कुठल्या इंग्रजाला समजावून सांगायचं?

असो. मामा त्या दिवशी दोन तास उशिरा पोचले. पत्ता चुकल्याची तक्रार नव्हती. हातात पिशवी होती, आणि पिशवीत नव्या कोऱ्या चपलांचा जोड.

नमस्कार.