बीनचा जॉइंट कुठाय?

नमस्कार मंडळी! मागे ऐकू येतंय ना? बरं. दूध आटायला अजून अर्धा तास आहे आणि तोवर मुलांना कुठेतरी बसवायचं म्हणून मला माइक दिलाय हे मला पक्कं माहितीये, तरी मान दिलात, आभार.

झालं असं की यंदाच्या कोजागिरीला एखादा नावाजलेला, पुरस्कार वगैरे मिळालेला शिल्पकार बोलवायचा असं कमिटीत ठरलं, मग कुणीतरी म्हणालं अनिश कपूरलाच विचारूया, बीनवाला, म्हणजे आपल्या शिकागोतलं ते घेवड्याच्या दाण्यासारखं, आरशासारखं चमकणारं स्टीलचं शिल्प करणारा, मुंबईत जन्मलेला म्हणजे आपलाच की, आणि आपलं बजेट म्हणजे बटाटेवडे आणि मसाला दूध, तेव्हा ते काही जमण्यातलं नव्हतं. उरले मी. मी शिल्पकार नाही, मी क्वालिटीत आहे, गेली पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा पगार घेते. पण बीनबद्दल माझ्याकडे एक गोष्ट आहे आणि ती माझ्या बाबांची आहे.

शिकागोत राहणाऱ्या प्रत्येकाचं पाहुण्यांसाठी एक पॅकेज ठरलेलं असतं. पहिला दिवस झोप, दुसऱ्या दिवशी डाउनटाउन, विलिस टॉवर ज्याला आपण अजून सिअर्सच म्हणतो, मग मिलेनियम पार्कात बीन, मग डेव्हॉनला, म्हणजे आपल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, जेवण, आणि वीकेंड जोडून आला तर नायगारा. बीनपाशी आपण काय करतो? फोटो. जवळून नाक मोठं दिसतं तो एक, मागे सगळ्या बिल्डिंगा दिसतात तो एक, खाली कमानीत झोपून वर बघतानाचा एक. मी आजवर चाळीसेक पाहुणे तरी नेले असतील. त्यात एकही फोटो न काढलेला माणूस एकच, आमचे बाबा.

बाबा भोसरीला एका शेडमध्ये बफिंग, म्हणजे स्टील घासून चमकवायचं काम, करायचे. सव्वीस वर्षं. डेअरीच्या आणि औषध कंपन्यांच्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, आतून आरशासारख्या लागतात, कारण जिथे खाच राहील तिथे दूध धरणार आणि जंतू बसणार. टाकीच्या आत उतरून, हातात ग्राइंडर, वर एक बल्ब. आधी वेल्ड घासून सपाट करायचा, मग एमरी बारीक बारीक करत न्यायची, मग बफ आणि शेवटी पॉलिश. संध्याकाळी घरी आले की नाक शिंकरलं तर काळं यायचं, रुमाल काळे, आई ते रुमाल वेगळ्या बादलीत भिजवायची. मला लहानपणी वाटायचं सगळ्यांच्याच बाबांचे रुमाल काळे असतात.

तर 2007 च्या ऑक्टोबरात बाबा पहिल्यांदा इकडे आले. मी त्यांना बीनपाशी नेलं, माझं भाषण तयार होतंच, की बाबा हे अनिश कपूरचं, याचं खरं नाव क्लाउड गेट, 33 फूट उंच, 66 फूट लांब, त्याला बीन म्हटलेलं कपूरना अजिबात आवडलं नव्हतं वगैरे. बाबा ऐकतच नव्हते. उजव्या हाताचा मोजा काढला, आणि अंगठ्याचं नख स्टीलवर टेकवून हळूहळू चालायला लागले. हे मी ओळखत होते, घरी नवीन पातेलं आणलं तरी ते असंच करायचे. दहा-बारा पावलं गेले, परत आले, परत गेले.

"अगं, याचा जॉइंट कुठाय?"

म्हटलं कसला जॉइंट?

"एवढी मोठी प्लेट कुठे मिळते होय? तुकडे जोडलेलेच असणार ना. मग जॉइंट कुठाय?"

आणि मंडळी, इतकी वर्षं मी तिथे जात होते, क्वालिटीतली बाई, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता! मग ते एक डोळा मिटून तिरके उभे राहिले, मला म्हणाले त्या बिल्डिंगची कड बघ यात. मिशिगन अॅव्हेन्यूवरच्या बिल्डिंगा त्यात वाकड्या दिसतात हे आपण सगळेच बघतो, पण ते म्हणाले कड वाकू दे, ती मध्येच हिसका खाते का ते बघ. वेल्डपाशी जरा जास्त घासलं गेलं की पत्र्यात लाट येते, हाताला कळत नाही पण आरशात सरळ रेघ तिथे थरथरते. आम्ही दोघं थंडीत अख्ख्या बीनला चक्कर मारून बिल्डिंगांच्या कडा बघत होतो आणि लोकांच्या फोटोत मध्ये मध्ये येत होतो. शेवटी बाबा म्हणाले, "लाट नाही गं कुठे." आणि मग जरा थांबून, "किती पोरं होती बफला?"

मला काय माहीत. कपूरांचे पुरस्कार मला पाठ होते, बफला कोण होतं ते नाही.

घरी येऊन वाचायला बसले, आणि मग बरीच वर्षं वाचत राहिले. बीन 168 प्लेटांचा आहे. प्लेट सुमारे 10 मिलिमीटर जाड आणि एकेकीचं वजन साडेचारशे ते नऊशे किलो. प्लेटा बनल्या कॅलिफोर्नियात ओकलंडला. आधी म्हणे असा बेत होता की पूर्ण बीन तिकडेच जोडायचा आणि बोटीवर घालून पनामा कालव्यातून फिरवून सेंट लॉरेन्समार्गे इकडे आणायचा, म्हणजे वरात बघा केवढी, मग ते फार रिस्की आहे म्हणून सोडून दिलं आणि प्लेटा ट्रकने आणून इथेच जोडायचं ठरलं. आत सांगाडा आहे, मोठ्या रिंगा आणि त्यांना जोडणारे ट्रस, पण वरचं कवच सांगाड्याला घट्ट जखडलेलं नाही, कारण आपल्याकडचा जानेवारी आणि आपल्याकडचा जुलै, स्टील आकसणार, फुगणार, जखडलं तर कुठेतरी फुगवटा येणारच.

2004 च्या जुलैत पार्क उघडलं तेव्हा बीन अर्धवट होता. तुमच्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल, अंगावर सगळ्या रेघा, रजईला टाके असतात तसे. लोकांना तसाही आवडला! पण नंतर त्याच्यावर तंबू चढवला आणि आत घासकाम सुरू झालं. 2,442 फूट वेल्ड. लोखंडकामाच्या युनियनची 24 माणसं. वरच्या भागाला दोऱ्या बांधून लटकून, खाली उभं राहून, घासायचं, परत बारीक घासायचं, पाच टप्प्यांत, शेवटी पॉलिश. तंबू निघाला 2005 च्या ऑगस्टमध्ये आणि रीतसर सोहळा झाला 2006 च्या मे महिन्यात. खर्चाचा पहिला अंदाज होता 6 मिलियन डॉलर्स, झाले 23. घर बांधलेल्या कुणालाही याचं नवल वाटू नये.

आता कपूरांबद्दल, कारण शेवटी भाषणाचा विषय तो आहे. जन्म 1954, मुंबई. वडील पंजाबी, नौदलात, समुद्राच्या तळाचे नकाशे करणाऱ्या खात्यात. आई बगदादी ज्यू घराण्यातली आणि तिचे वडील पुण्याच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणारे. पुण्यात बगदादी ज्यूंचं सिनेगॉग म्हणजे कॅम्पातलं ते लाल विटांचं, घड्याळाचा उंच मनोरा असलेलं, आपण ज्याला लाल देऊळ म्हणतो. त्याच्यावरून मी कॉलेजात असताना रोज सायकलने गेलेय. शाळा डून स्कूल, मग इस्रायल, मग 1973 पासून लंडन. 1990 ला व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, ब्रिटनतर्फे, पुढच्या वर्षी टर्नर प्राइझ हा ब्रिटनमधला कलेचा मोठा पुरस्कार, 2012 ला आपलं पद्मभूषण, 2013 ला तिकडे सर. ते आपले का त्यांचे हा वाद तुम्ही दुधाबरोबर घाला, मला त्यात फार रस नाही, त्यांनाही नसावा.

मला रस आहे तो एका शब्दात. 1979 ला ते भारतात येऊन गेले, देवळांबाहेर रंगांचे ढीग बघितले, आणि परत जाऊन सुट्या कोरड्या रंगाची शिल्पं केली, लाल, पिवळी, जमिनीतून उगवल्यासारखी. आपल्याला कुंकवाच्या दुकानातली ती टोकदार रास माहितीच आहे, इतकी नीट की वाटतं बोट लावलं तर ढासळेल, आणि दुकानदार ती कधी रचतो ते कुणी बघितलेलं नसतं. त्यांच्या त्या शिल्पांवरही कुठे बोट उमटलेलं नाही. पुढे 2007 मध्ये त्यांनी लाल मेणाचा एक प्रचंड ठोकळा केला, तो रुळांवरून अगदी सावकाश म्युझियमच्या दारांतून सरकतो, दारं त्याच्यापेक्षा लहान, त्यामुळे चौकटींना घासून घासून त्याचा आकार होतो आणि भिंतींना मेण फासलं जातं. त्याचं नाव काय ठेवलं? स्वयंभ. आपण म्हणतो ना, इथला गणपती स्वयंभू आहे, किंवा देवीचा स्वयंभू तांदळा, शेंदूर चढून चढून नाकडोळेही न उरलेला. म्हणजे कुणी घडवलेला नाही, आपोआप प्रगटलेला. 2010 साली वांद्र्याला मेहबूब स्टुडिओत त्यांचं प्रदर्शन झालं होतं तेव्हा माझा भाऊ जाऊन आला, त्याचा रिपोर्ट एका ओळीचा होता, "बरं होतं, पण केलं कुणी ते कळत नाही." त्याला ती तक्रार वाटत होती.

बीन तसाच आहे. पारा सांडलाय आणि थेंब तिथे थांबलाय, कपूरांच्या मनातही पाराच होता. कुणी केलाय असं वाटतच नाही. आणि तसं वाटू नये म्हणून 24 माणसं महिनोन्‌महिने तंबूत घासत होती, म्हणजे आपल्याच कामाच्या खुणा पुसत होती. हे मला जरा विचित्र वाटतं, आणि खरं सांगू, थोडं टोचतंही. पुण्यात कसब्यात तांबट आळी आहे, तिथे तांब्याच्या हंड्यावर माठारकाम करतात, हातोडीचा एकेक ठोका शेजारी शेजारी, आणि ते ठोकेच चमकतात. तिथे कारागिराचा हात भांड्यावर राहतो, हजार वेळा राहतो. बाबांच्या टाकीत उलटं, हात दिसला की माल रिजेक्ट. मी कपूरना दोष देत नाहीये, असं काहीतरी डोक्यात येणं आणि ते लोकांकडून, इंजिनियरांकडून, महापालिकेकडून तडीला नेणं हे येरागबाळ्याचं काम नाही. पण स्वयंभू दिसण्यासाठी जितके हात लागतात तितके साध्या दगडी पुतळ्याला लागत नसावेत.

आणि ते हात अजून थांबलेले नाहीत. बीनचा खालचा सहा फुटांचा पट्टा रोज दोनदा पुसतात, कारण आपण सगळे त्याला हात लावतो, नाक लावतो, मुलं चाटतातसुद्धा, मी बघितलंय, आणि वर्षातून दोनदा पूर्ण आंघोळ, 40 गॅलन लिक्विड डिटर्जंटने. कुठलं? टाइड! कॉस्टकोतून आणून आपण कपड्यांना घालतो तेच. हे ऐकून आईला जो आनंद झाला तो तिला विलिस टॉवरवरून दिसलेल्या चार राज्यांनी झाला नव्हता.

बाबांना मी 24 चा आकडा फोनवर सांगितला. ते तेव्हा भोसरीहून रिटायर झालेले, सकाळी दमा आणि दुपारी पेपर असं चाललेलं. म्हणाले, "चोवीस? फार नाहीत." मग तंबू किती मोठा होता, चहूबाजूंनी बंद होता का, पंखा होता का, रात्रपाळी होती का. मी म्हटलं बाबा, मी काय तिथे सुपरवायझर होते का? तर म्हणाले, तसं नाही गं, बंद तंबूत घासलं की धूळ जाणार कुठे.

आता या शनिवारी आपली ट्रिप आहे, नवीन आलेल्या मंडळींना डाउनटाउन दाखवायचं. मी बीनपाशी दहा मिनिटं जास्त मागून घेतलीयेत. फोटो काढा, पोटाखाली जाऊन वर बघा, त्या खोलगट भागाला ओम्फालोस म्हणतात म्हणजे चक्क बेंबी, आणि मग एका हाताचा मोजा काढून नख टेकवून चार पावलं चाला. ज्याला जॉइंट सापडेल त्याला माझ्याकडून डेव्हॉनला जेवण. बाबांना सापडला नाही, तेव्हा माझे पैसे तसे सेफ आहेत.

झालं, सुलभाताई केव्हाच्या पळी दाखवतायत, दूध आटलं वाटतं.