धातू आणि हाड यांच्यामधला थर

(दृश्य : नाशिकचा भांडी बाजार. दुकानांत मांडलेली तांब्या-पितळेची भांडी.)

पितळेच्या पातेल्याला कल्हई करणारा कारागीर आधी भांडे तापवतो, नवसागर टाकून त्याचा मळ काढतो आणि मगच कथील फिरवतो, कारण खालचा धातू स्वच्छ नसेल तर वरचा थर धरत नाही. जबड्यात किंवा खुब्यात बसवायच्या टायटॅनियमच्या इम्प्लांटवरील लेपालाही हीच पहिली अट लागू होते. मात्र या लेपाला एका बाजूने धातूला चिकटून राहायचे असते आणि दुसऱ्या बाजूने जिवंत हाडाशी रासायनिक देवाणघेवाण करायची असते. या क्षेत्रातील बहुतेक अडचणी या दुहेरी मागणीतूनच निर्माण झाल्या आहेत.

(दृश्य : म्हसरूळ, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा परिसर.)

१९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी राज्यातील अनेक दंत आणि वैद्यकीय महाविद्यालये संलग्न आहेत. तेथे शिकवल्या जाणाऱ्या दंतरोपणाचे मूळ स्वीडनमधील एका अनपेक्षित निरीक्षणात आहे. १९५०च्या दशकात तेथील संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या हाडात टायटॅनियमची कुपी बसवून रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. अभ्यास संपल्यावर ती कुपी हाडातून निघेना, कारण हाड टायटॅनियमला घट्ट जुळले होते. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. त्यांच्या मूळ पद्धतीत दात बसवण्यापूर्वी, हाड इम्प्लांटला जुळावे म्हणून, खालच्या जबड्यासाठी सुमारे तीन आणि वरच्या जबड्यासाठी सुमारे सहा महिने थांबावे लागे. निफाडहून किंवा दिंडोरीहून नाशिकला खेपा घालणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने हा काळ थोडा नाही, आणि तो कमी करण्याच्या प्रयत्नांतूनच इम्प्लांटच्या पृष्ठभागाकडे लक्ष वळले.

हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजाचा असतो आणि हे खनिज हायड्रॉक्सिॲपेटाइट या कॅल्शियम फॉस्फेटच्या जातीचे असते. म्हणून त्याचाच लेप धातूवर देण्याची कल्पना पुढे आली. प्लाझ्मा फवारणीत दहा हजार अंश सेल्सिअसच्याही वर तापलेल्या झोतातून त्याची भुकटी टायटॅनियमवर मारली जाते आणि साधारण ५० ते २०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा थर तयार होतो.

खरी अडचण येथून सुरू होते. एवढ्या उष्णतेत वितळून क्षणात थिजलेल्या भुकटीचा काही भाग स्फटिकरूप राहत नाही, आणि असा भाग शरीरातील द्रवात लवकर विरघळतो. त्यातून सुटणारे कॅल्शियम व फॉस्फेट नव्या हाडाला उपयोगी पडतात, पण लेप फार वेगाने विरघळला तर तो धातूपासून सुटून त्याचे तुकडे पडू शकतात. लेप जास्त स्फटिकरूप करावा, तर तो टिकतो खरा, पण हाडाशी त्याची देवाणघेवाण मंदावते.

१९६९ साली अमेरिकेत लॅरी हेंच यांनी शोधलेल्या बायोग्लासबाबतही असेच घडते. ४५ टक्के सिलिका असलेली ही काच शरीरात गेल्यावर तिच्यातून सोडियम बाहेर पडते, पृष्ठभागावर सिलिकाचा जेलसारखा थर तयार होतो आणि त्यावर हाडातील खनिजासारखे स्फटिक जमतात. तथापि तापल्यावर ही काच टायटॅनियमपेक्षा बरीच जास्त प्रसरण पावते, त्यामुळे लेप थंड होताना त्याला तडे जातात. सिलिका वाढवून प्रसरण जुळवावे, तर काचेचा हाडाशी जुळण्याचा गुणच कमी होतो.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखालील खडबडीत टायटॅनियम.)

दंतरोपणात आज अनेक उत्पादक लेपाऐवजी धातूच वाळूच्या माऱ्याने आणि आम्लाने खडबडीत करतात. सिमेंटविना बसवल्या जाणाऱ्या खुब्याच्या सांध्यांवर मात्र हायड्रॉक्सिॲपेटाइटचा लेप अजूनही वापरात आहे. ही विभागणी समंजस वाटते, कारण तोंडात इम्प्लांटचा वरचा भाग जंतूंच्या सतत सान्निध्यात असतो. मात्र खडबडीत धातूही निर्धोक नाही : हिरडी मागे सरली, तर हाडाच्या पेशींना आधार देणारा तोच खडबडीतपणा जंतूंच्या थरालाही आधार देतो. धूम्रपान आणि अनियंत्रित मधुमेह यांमुळे हा धोका वाढतो.

म्हणूनच लेपात चांदी किंवा जस्त मिसळण्यावर संशोधन चालू आहे. चांदी जंतूंना मारते, पण तिचे प्रमाण वाढले की ती हाडाच्या पेशींनाही अपायकारक ठरते. त्यामुळे ती किती घालावी यापेक्षा ती किती सावकाश सुटावी, हे ठरवणे अधिक कठीण आहे.