कागदावरची पौर्णिमा

२१ मार्च २०१९. भारतीय वेळेनुसार पहाटे साडेतीनच्या सुमारास वसंतसंपात, म्हणजे दिवस-रात्र जवळपास समान होण्याचा वसंतातला क्षण, आला आणि सव्वासातच्या सुमारास पौर्णिमा पूर्ण झाली. आदल्या रात्री महाराष्ट्रात होळ्या पेटल्या होत्या. वसंतसंपातानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार म्हणजे ईस्टर, येशूच्या पुनरुत्थानाचा सण, असे सर्रास सांगितले जाते. त्या हिशेबाने ईस्टर २४ मार्चला यायला हवा होता. तो आला २१ एप्रिलला, हनुमान जयंतीनंतर दोन दिवसांनी.

येशूचे मरण आणि पुनरुत्थान यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या सुमारास घडले, आणि वल्हांडण यहुदी पंचांगातील निसान महिन्याच्या पौर्णिमेशी बांधलेला आहे. आशिया मायनरमधील काही ख्रिस्ती मंडळ्या, वार कोणताही असो, निसानच्या चौदाव्या दिवसालाच धरून चालत. इतरत्र रविवारचा आग्रह होता. इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझनिक गावी, भरलेल्या धर्मपरिषदेने सर्वांनी एकाच दिवशी ईस्टर पाळावा आणि त्यासाठी यहुदी कालगणनेवर विसंबू नये, असे ठरवले.

मग पौर्णिमा ठरवायची कशी? अलेक्झांड्रियाच्या गणितींनी १९ वर्षांचे चक्र वापरले. १९ सौर वर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ नेमके बसतात. आपल्या पंचांगात तेवढ्याच काळात सुमारे सात अधिकमास येतात, ते याच मेळामुळे. त्या चक्रावरून प्रत्येक वर्षाला पौर्णिमेची तारीख नेमून दिली गेली, आणि संपातही २१ मार्चला कायमचा खिळवला गेला. थोडक्यात, चर्च आकाशाकडे पाहत नाही, कोष्टकाकडे पाहते. २०१९ मध्ये कोष्टकातली पौर्णिमा २० मार्चला, म्हणजे एक दिवस आधीच, पडली. ती बाद झाली, पुढची १८ एप्रिलला आली, आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ, तो सुरू करणारा राखेचा बुधवार, त्याआधीचा गोव्याचा कार्निव्हल सारेच तिच्यामागून सरकले.

तोवर चालत आलेल्या ज्युलियन कॅलेंडरचे वर्ष सौर वर्षापेक्षा किंचित लांब असल्याने सोळाव्या शतकापर्यंत खरा संपात दहा दिवस मागे सरला होता. म्हणून पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला आणि चंद्राची कोष्टकेही दुरुस्त करवली. बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्चेस ईस्टरसाठी अजूनही जुनाच हिशेब धरतात. त्यामुळे २०२४ मध्ये एक ईस्टर ३१ मार्चला तर दुसरा ५ मे रोजी आला. २०२५ मध्ये दोन्ही कोष्टके २० एप्रिलवर जुळली, आणि २०२६ साठी त्यांनी पुन्हा ५ आणि १२ एप्रिल अशा वेगळ्या तारखा दिल्या.