होन्नावर ते बंगळूर, बेळगावमार्गे

बेळगावच्या कॅम्प भागात फातिमा मातेचे कॅथेड्रल उभे आहे. २००६ ते २०१८ या काळात ज्यांनी येथून बेळगाव धर्मप्रांताची, म्हणजे कॅथलिक बिशपच्या अखत्यारीतील प्रदेशाची, धुरा वाहिली, ते पीटर मचाडो पुढे बंगळूरचे आर्चबिशप झाले.

हा धर्मप्रांत १९ सप्टेंबर १९५३ रोजी स्थापन झाला, तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होते. तीन वर्षांनी राज्य पुनर्रचनेत ते म्हैसूर राज्यात गेले आणि येथील मराठी माणसाच्या आयुष्यात सीमाप्रश्न कायमचा शिरला. कारवारचा किनाराही आरंभी याच धर्मप्रांतात होता. १९७६ साली त्याचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि त्या नव्या धर्मप्रांतासाठी ८ डिसेंबर १९७८ रोजी ज्यांना गुरुदीक्षा, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूपद, मिळाली, ते शरावतीच्या मुखाशी वसलेल्या होन्नावरचे चोवीस वर्षांचे मचाडो होते. पुढे त्यांनी कॅनन लॉ, म्हणजे चर्चच्या कायद्याचा, विशेष अभ्यास केला.

२००४ साली बेळगावचे बिशप बर्नार्ड मोरास यांची बंगळूरला आर्चबिशप म्हणून नियुक्ती झाली आणि रिकाम्या झालेल्या या पदावर २००६ च्या फेब्रुवारीत मचाडो यांचे नाव जाहीर झाले. खानापूरकडच्या कित्येक कॅथलिक घरांत कोकणी बोलली जाते, शेजारी मराठी असते आणि सरकारी कागद कन्नडमध्ये येतो. अशा मुलखात बिशपाला आधी कान देऊन ऐकावे लागते, आणि आमच्या मते या पदाची खरी परीक्षा तीच आहे.

१९ मार्च २०१८ रोजी, संत जोसेफ यांच्या सणादिवशी, मोरास यांच्या जागी मचाडो यांचीच नियुक्ती झाली. लागोपाठ दोन बिशप राज्याच्या राजधानीला देणे, ही बेळगावसाठी अभिमानाची गोष्ट आहे.

बेळगावशी त्यांचा संबंध पुन्हा जोडला गेला तो मात्र वेदनादायक प्रसंगाने. धर्मांतरबंदीचे विधेयक आणू नये, अशी विनंती त्यांनी मुख्यमंत्र्यांना केली होती. तरीही २३ डिसेंबर २०२१ रोजी, नाताळ दोन दिवसांवर असताना, विधानसभेने ते मंजूर केले आणि तेही बेळगावच्याच सुवर्ण विधानसौधात. पुढच्या वर्षी ख्रिस्ती समाजावरील हल्ल्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जी याचिका दाखल झाली, तिच्यावर पहिले नाव पीटर मचाडो यांचे होते.