काळोखातली गाठ

(पडद्यावर छातीचा सीटी स्कॅन)

छातीचा एक आडवा छेद. मधोमध हृदय, दोन्ही बाजूंना फुप्फुसं. पण ती नुसतीच काळीकुट्ट, आत काही नसल्यासारखी. आता माउसचं बटण दाबून हात जरासा सरकवू. त्याच काळोखातून रक्तवाहिन्यांच्या फांद्या वर येतात, आणि त्या फांद्यांमध्ये ही बारीकशी गाठ.

स्कॅन नवा काढलेला नाही. फाइल तीच आहे. बदलली ती फक्त ‘विंडो’.

सीटी स्कॅन म्हणजे फोटो नव्हे. ती मोजमापं आहेत. प्रत्येक ठिपक्यामागे एक आकडा असतो. पाण्याचा शून्य, हवेचा उणे 1000, घट्ट हाडाचा हजाराच्या घरात. या एककाला गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचं नाव आहे. त्यांच्या यंत्रानं 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचे छेद टिपले. ते चित्र होतं 80 बाय 80 ठिपक्यांचं.

(जुनी, खडबडीत प्रतिमा, मग आजचा मेंदूचा छेद)

आज एका ठिपक्याच्या आकड्याला चार हजारांवर पातळ्या असू शकतात. साधा मॉनिटर करड्या छटा दाखवतो 256. आपल्या डोळ्याला तर त्याहूनही कमी वेगळ्या ओळखू येतात. म्हणजे सगळं एकदम दिसणं शक्यच नाही. काय पाहायचं ते ठरवावं लागतं. आकड्यांचा जो पट्टा करड्या छटांमध्ये दाखवायचा, तीच विंडो. रुंदी म्हणजे हा पट्टा केवढा, मध्य म्हणजे त्याच्या मधोमधचा आकडा. फुप्फुसांसाठी विंडोची रुंदी साधारण 1500, मध्य उणे 600. मेंदूसाठी रुंदी 80, मध्य 40. पक्षाघाताचा संशय असेल, तर रुंदी आणखी आवळतात, कारण रक्त न पोचलेल्या भागाचा आकडा शेजारच्या निरोगी भागापेक्षा अगदी थोडा उतरलेला असतो. रुंद विंडोत तो फरक सहज निसटतो.

(डायकॉम फाइलमधली माहिती, ओळीमागून ओळ)

हे सगळं ज्या फाइलमध्ये असतं ती डायकॉम. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचं एकमेकांशी जमावं म्हणून 1985 मध्ये पहिलं मानक आलं. डायकॉम हे नाव 1993 मध्ये. या फाइलमध्ये छेदाची जाडी असते, दोन ठिपक्यांमधलं अंतर असतं. म्हणून तर पडद्यावर रेघ ओढली की मिलिमीटर मिळतात. रुग्णाचं नाव आणि जन्मतारीखही त्यातच असते. फाइल अभ्यासासाठी कुणाला देण्याआधी ती काढून टाकायलाच हवी.

मोबाइलवर पडद्याचा फोटो काढून ‘जरा बघून सांगा’ म्हणून पाठवतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. विंडो गेली, मोजमाप गेलं, बाकीचे शेकडो छेद गेले. पाहणाऱ्या डॉक्टरांच्या हाती उरतं एकच गोठलेलं चित्र.

(पुन्हा तीच गाठ)

आता शेजारी मागच्या वर्षीचा स्कॅन उघडू. दोन्ही जोडले की एक सरकवला, दुसराही सरकतो. तीच पातळी, तीच फांदी. गाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ.

तेव्हा 5 मिलिमीटर.

आजही 5.